अंगावर पाजायचं नसताना छातीत दूध दाटलं तर काय करायचं

तिसऱ्या दिवशी पहाटे कूस बदलायला गेले आणि कळवळले. दोन्ही बाजूंनी छाती दगडासारखी टणक झालेली, कातडी ताणून चकाकणारी, निळ्या शिरा वर आलेल्या आणि ठणका थेट काखेपर्यंत. गाऊन पुढून ओला. माझ्या चालू औषधांमुळे बाळाला अंगावर पाजायचं नाही, हे बाळंतपणाआधीच ठरलं होतं. बाटल्या, दुधाची पावडर, सगळी तयारी होती. पाजायचं नसलं तरी दूध येतंच, एवढं मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग मला सुचलं ते मी केलं. कढत पाण्याखाली बराच वेळ उभी राहिले आणि पंप लावून दोन्ही बाजू पार रिकाम्या केल्या. तास-दीड तास इतकं हलकं वाटलं की रडू आलं. संध्याकाळपर्यंत छाती पुन्हा भरली, सकाळपेक्षा जास्त. पुन्हा पंप, पुन्हा आराम, पुन्हा ठणका. दोन दिवस हे असंच चाललं. शेवटी एका अनुभवी नर्सताईंनी शेजारी बसून समजावलं की दूध आटवायचं म्हणत मी ते वाढवत होते. त्यांनी सांगितलेलं, आणि नंतर मी स्वतः विचारून-वाचून समजून घेतलेलं, इथे क्रमानं लिहिते आहे.

आधी एक सांगते. न पाजण्याची कारणं अनेक असतात. आईची औषधं, केमोथेरपीसारखे उपचार, काही संसर्ग, आईचं दूध पचूच शकत नाही असा बाळाचा जन्मजात आजार, दुसऱ्या जोडप्यासाठी पोटात वाढवलेलं बाळ (सरोगसी), बाळ गमावणं, किंवा आईनं विचार करून घेतलेला निर्णय. कारण कोणतंही असलं तरी ठणका तोच असतो आणि तो कमी करून घ्यायचा हक्कही सारखाच. या लेखात कुणाकडूनही खुलासा मागितलेला नाही.

आत काय चाललेलं असतं

हे नीट कळलं की पुढच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत, म्हणून इथे थोडी थांबते.

गरोदरपणाच्या साधारण सोळाव्या आठवड्यापासून स्तनात चीक तयार व्हायला लागतो. पण वारेतून येणारं प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक खऱ्या दुधाला अडवून धरतं. बाळंतपणात वार बाहेर पडली की हे प्रोजेस्टेरॉन झपाट्यानं उतरतं. दूध बनवणारं प्रोलॅक्टिन तर आधीपासूनच भरपूर असतं, त्याचा मार्ग मोकळा होतो. म्हणून बाळंतपणानंतर दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान पान्हा येतो, बाळ एकदाही छातीला लागलेलं नसलं तरी. तुम्ही काय ठरवलं आहे ते शरीराला ठाऊक नसतं. म्हणूनच गरोदरपण अर्ध्यावर, चौथ्या-पाचव्या महिन्यात संपलं, तरीही दूध येऊ शकतं.

दुसरी गोष्ट फार जणींना माहीत नसते. छाती टणक होते ती निव्वळ दुधानं नाही. त्या दिवसांत स्तनांकडे रक्ताचा ओघ वाढतो, आसपासच्या ऊतींमध्ये पाणी साठतं, म्हणजे चक्क सूज येते. बाळंतपणात सलाईन बरंच गेलं असेल तर ही सूज आणखी वाढू शकते. ही सूज पंपानं निघत नाही. तिला थंडावा, आधार आणि थोडे दिवस लागतात.

आता दूध आटतं कसं? साठलेलं दूध बाहेर काढलं नाही की आतला दाब वाढतो आणि त्या दुधातलेच काही घटक दूध बनवणाऱ्या पेशींना ‘आता पुरे’ असा निरोप देतात. पेशी काम मंदावतात. बाळाचं चोखणं नसल्यामुळे प्रोलॅक्टिनही दोन-तीन आठवड्यांत उतरून नेहमीच्या पातळीवर येतं. तयार झालेलं दूध शरीर हळूहळू शोषून घेतं. ते आत सडत नाही, त्याचं विष होत नाही. ही भीती मला स्वतःला होती, म्हणून स्पष्ट लिहिते.

थोडक्यात, छाती भरलेली राहणं हाच आटण्याचा निरोप आहे, आणि दर वेळी रिकामी करणं म्हणजे ‘अजून हवं आहे’ असं कळवणं. आपल्याला एवढंच साधायचं आहे की निरोप पोहोचेल इतकं दूध आत राहावं आणि तोवर तुमचे हाल होऊ नयेत.

किती दिवस चालतं

पहिले एक-दोन दिवस छाती मऊच असते. तिसरा ते पाचवा दिवस सर्वांत जड. खरा असह्य ठणका बहुतेकींना एक-दोन दिवस, क्वचित थोडा जास्त राहतो. मग टणकपणा उतरू लागतो आणि आठवडा-दहा दिवसांत छाती बऱ्यापैकी मऊ होते. थेंब मात्र काही आठवडे गळत राहू शकतात. पहिलटकरणीला आणि सिझेरियन झालेलीला पान्हा एखादा दिवस उशिरा येऊ शकतो, म्हणून तिसरा दिवस शांत गेला तर ‘सुटले’ असं लगेच समजू नका.

पहिलं काम: दूध यायच्या आधीच तयारी

बाळंतपण व्हायचं असेल किंवा आज पहिला-दुसरा दिवस असेल, तर चार गोष्टी हाताशी ठेवा. मापात बसणाऱ्या, तारेशिवायच्या दोन-तीन ब्रा. ब्रेस्ट पॅड किंवा मऊ सुती कापडाच्या घड्या. गोठवता येणारे थंड पॅक, किमान चार, म्हणजे दोन वापरात आणि दोन फ्रीजरमध्ये. आणि तुम्हाला चालतील अशी वेदनाशामकं. ती कोणती, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. ठणका लागल्यावर मध्यरात्री शोधाशोध होत नाही.

दूध थांबवायच्या गोळीबद्दल विचारायचं असेल तर तेही आताच विचारा. का, ते पुढे येईल.

दुसरं काम: आधार द्या, आवळू नका

ब्रा रात्रंदिवस घाला, झोपतानाही. तिनं छाती उचलून धरली पाहिजे, दाबली नाही पाहिजे. काढल्यावर कातडीवर खोल वळ उठत असतील तर ती घट्ट आहे. पट्ट्याखाली दोन बोटं सहज सरकली पाहिजेत. गरोदरपणातली ब्रा तिसऱ्या दिवशी लहान पडू शकते, म्हणून एक माप मोठी जवळ असलेली बरी. मऊ स्पोर्ट्स ब्रा चालते, मात्र ती डोक्यावरून चढवताना दुखतं. पुढून हुक असलेली या दिवसांत सोयीची.

छाती कापडानं घट्ट बांधून टाकायचा सल्ला तुम्हाला मिळेल, तोही मायेनं. पूर्वी हाच उपाय दवाखान्यांतही सांगत. आता सांगत नाहीत, कारण घट्ट बांधल्यानं वेदना आणि गळती वाढते, आणि दाबामुळे नळ्या चोंदून गाठी होण्याचा, सूज चिघळण्याचा धोका असतो. सांगणाऱ्या माणसाशी वाद घालायची गरज नाही. ‘डॉक्टरांनी नको म्हटलंय’ एवढं पुरतं.

तिसरं काम: थंडावा

मला सगळ्यांत जास्त उपयोग झाला तो याचा. थंडाव्यानं रक्ताचा ओघ कमी होतो, सूज उतरते आणि ठणका बधिर होतो.

पॅक पातळ कापडात गुंडाळा. बर्फ किंवा गोठलेला पॅक थेट कातडीवर ठेवायचा नाही, कारण ताणलेल्या कातडीला बर्फानं चटकन इजा होते आणि ती बधिर असल्यामुळे कळतही नाही. पंधरा ते वीस मिनिटं ठेवा, मग काढा आणि तासभर तरी जाऊ द्या. मधे एकदा कापड उचलून कातडी पाहा. निपलवर ठेवू नका, त्याच्या सभोवती आणि काखेकडच्या बाजूला ठेवा.

पॅक नसतील तर हातरुमाल ओला करून पिळा, अर्धचंद्रासारखी घडी करून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि फ्रीजरमध्ये ठेवा. पूर्ण कडक व्हायच्या आत काढला तर तो छातीच्या गोलाव्यावर अगदी बरोबर बसतो. मी असे सहा रुमाल आळीपाळीनं वापरले.

कोबीच्या पानांचा उपाय तुम्ही ऐकला असेल. फ्रीजमधली थंड पानं धुऊन, पुसून, मधली जाड शीर लाटण्यानं दाबून ब्राच्या आत ठेवायची, निपल मोकळं सोडायचं आणि पान मऊ पडलं की बदलायचं. पुष्कळ जणींना यानं बरं वाटतं. पण कोबीत काही खास द्रव्य आहे आणि त्यानं दूध आटतं, असं ठाम सिद्ध झालेलं नाही. थंड पॅकनंही तितकाच आराम मिळू शकतो. पान गोलाव्यावर छान बसतं, हा त्याचा खरा फायदा. पुरळ उठलं, खाज आली किंवा कातडीला चीर असेल तर कोबी नको.

चौथं काम: वेदनाशामक वेळेवर घ्या

सहन करण्यात काही मिळवायचं नाही. दूध पाजत नसल्यानं औषधांची निवडही तुलनेनं सोपी असते.

सूज आणि वेदना दोन्हींवर आयबुप्रोफेन चांगलं काम करतं. प्रौढांसाठी साधारण ४०० मिलिग्रॅम, खाल्ल्यानंतर, सहा ते आठ तासांच्या अंतरानं, आणि डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर चोवीस तासांत १२०० मिलिग्रॅमच्या वर नाही. पोटात अल्सर असेल, मूत्रपिंडाचा त्रास असेल, अशा गोळ्यांनी दमा उसळत असेल, रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा बाळंतपणात रक्तदाब खूप वाढला असेल, तर विचारल्याशिवाय घेऊ नका. पॅरासिटामॉल ५०० ते १००० मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तास, आणि चोवीस तासांत एकूण ४ ग्रॅमच्या आत. वजन पन्नास किलोपेक्षा कमी असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर मात्रा कमी लागते, ती विचारून घ्या. टाक्यांच्या दुखण्यासाठी दवाखान्यातून दिलेल्या गोळ्यांत हीच औषधं आहेत का, ते पाकिटावर वाचा. नकळत दुप्पट डोस जाणं फार सोपं असतं.

जड दोन-तीन दिवसांत ठणका चढायची वाट न पाहता ठरलेल्या वेळी गोळी घेतली तर निदान रात्री झोप लागते.

पाचवं काम: छातीला जाग आणू नका

चोळणं, मालिश, गरम पाण्याचा शेक आणि निपलला वारंवार स्पर्श या सगळ्यानं पान्हा सुटतो. म्हणून आंघोळीला शॉवरकडे पाठ करून उभं राहा, किंवा पाणी अंगावर घेताना छातीवर टॉवेल धरा. गाठ आहे का, दूध येतंय का, हे पाहण्यासाठी दर तासाला दाबून पाहायचा मोह होतो, तो आवरा. नवऱ्याला किंवा जोडीदारालाही सांगून ठेवा की या दिवसांत छातीला स्पर्श नको.

बाळाला मात्र जवळ घ्या. न पाजणाऱ्या आईनं बाळाला छातीशी धरू नये, असा एक गैरसमज फिरतो. मधे कापडाची जाड घडी ठेवा, बाळाला थोडं बाजूला किंवा खांद्यावर घ्या, बाटली देताना पोटाशी घ्या. बाळ रडलं की, कधी दुसऱ्याचं बाळ रडलं तरीही, छातीत मुंग्या येऊन दूध गळू शकतं. हा दूध बाहेर सोडणाऱ्या ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचा परिणाम आहे आणि त्यानं दूध आटण्यात अडथळा येत नाही. दोन्ही हात छातीवर आडवे घेऊन मिनिटभर हलके दाबून धरले की गळणं थांबतं.

सहावं काम: असह्य झालं तर थोडंसंच काढा

इथे सगळ्या गल्लत करतात, मीही केली. ‘अजिबात काढू नका’ म्हणणारे एका बाजूला आणि ‘काढून टाक, मोकळी हो’ म्हणणारे दुसऱ्या बाजूला. खरी रीत मधली आहे. थंडावा आणि गोळ्यांनी निभत असेल तर काढू नका. ठणक्यानं हात वर होत नसेल, कातडी फाटेल असं वाटत असेल, तर दाब सैल होण्यापुरतं काढा. छाती मऊ होईपर्यंत काढायचं नाही, श्वास घेता येईल इतपतच.

यासाठी हातच बरा, कारण पंप लावला की थांबावंसं वाटत नाही. हात धुवा आणि पुढे वाकून बसा, मांडीवर टॉवेल घ्या. आधी दोन-तीन मिनिटं कोमट ओलं कापड ठेवलं तर दूध सहज सुटतं. शेक चालतो तो फक्त इथे आणि एवढाच. आता अंगठा वर आणि तर्जनी खाली, इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखा हात, निपलपासून दोन-तीन सेंटिमीटर मागे, काळसर गोलाच्या कडेशी. तिथून बोटं आधी सरळ मागे, बरगड्यांकडे दाबा, मग अंगठा आणि बोट एकमेकांकडे आणा, मग सोडा. दाबा, जवळ आणा, सोडा. बोटं कातडीवरून घसरवायची नाहीत आणि निपल चिमटायचं नाही. पहिल्या काही वेळा काहीच येत नाही, मग थेंब दिसतात, मग बारीक धार. एका जागेवरून दूध येणं कमी झालं की बोटं जरा फिरवून दुसऱ्या जागेवर धरा. एक-दोन मिनिटांत कातडीवरचा ताण उतरल्यासारखा वाटतो. त्या क्षणी थांबायचं, धार चालू असली तरी.

लगेच थंड पॅक ठेवा. पुढच्या वेळचं अंतर वाढवत न्या. आज सहा तासांनी काढावं लागलं, तर उद्या आठ-दहा तास ताणून पाहा, परवा कदाचित लागणारच नाही. माझ्यासारखं आधीच पंपानं भरपूर काढून बसला असाल तर एकदम बंद करू नका. दर वेळी वेळ आणि प्रमाण थोडं-थोडं कमी करा. मला तिथून सुटायला आठ दिवस लागले.

काख, झोप, पाणी

काखेत लिंबाएवढी मऊ गाठ आली तर घाबरू नका. काही बायकांना काखेत जास्तीची स्तनाची ऊती असते आणि तीही या दिवसांत फुगते. तिथेही थंड पॅक, तिथेही चोळणं नाही. ती काही आठवड्यांत बसली नाही तर दाखवा.

पाणी कमी प्यायलं की दूध आटतं, ही समजूत चुकीची आहे. त्यानं दूध आटत नाही, बद्धकोष्ठ आणि चक्कर मात्र येते. तहान लागेल तसं प्या. झोपताना पाठीवर, किंवा कुशीवर छातीखाली मऊ उशी घेऊन. पालथं नको. पॅड ओला झाला की बदला. ओलसरपणात कातडी भेगाळते आणि जंतूंना वाट मिळते. आतून प्लॅस्टिक असलेले पॅड टाळलेले बरे.

दूध थांबवायची गोळी

कॅबरगोलिन नावाचं औषध प्रोलॅक्टिन उतरवतं. दूध सुरूच होऊ नये म्हणून ते बाळंतपणानंतर पहिल्या चोवीस तासांत १ मिलिग्रॅमच्या एकाच डोसात देतात. म्हणूनच मी आधी विचारा म्हटलं, कारण उशीर झाला की हा सोपा मार्ग हुकतो. दूध आल्यानंतर द्यायचं झालं तर ०.२५ मिलिग्रॅम दर बारा तासांनी, दोन दिवस, अशी पद्धत आहे. मळमळ, डोकेदुखी, उठताना चक्कर असा त्रास होऊ शकतो.

हे सगळ्यांना चालत नाही. गरोदरपणात किंवा नंतर रक्तदाब वाढलेला असेल, हृदयाच्या झडपांचा आजार असेल, बाळंतपणानंतर किंवा एरवीही गंभीर मानसिक आजार होऊन गेला असेल, तर ते टाळलं जातं. त्यामुळे मैत्रिणीच्या उरलेल्या गोळ्या घेणं धोक्याचं आहे. पूर्वी याच कामाला ब्रोमोक्रिप्टिन सर्रास वापरत. पक्षाघात, झटके, हृदयविकार अशा गंभीर घटना नोंदल्या गेल्यावर अमेरिकेत १९९४-९५ च्या सुमारास त्याचा हा वापर बंद झाला. त्याआधी इस्ट्रोजेन देत, पण त्यानं रक्तात गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, म्हणून तेही सुटलं. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या सूज उतरवण्यासाठी घेऊ नका.

गोळीशिवायही बहुतेक सगळ्यांचं दूध आटतं. मूल गमावलेल्या, किंवा छाती भरून येणं मनानं सोसवणार नाही अशा आईसाठी मात्र मी ही गोळी जरूर विचारा असं म्हणेन.

कधी थांबायचं नाही, लगेच दाखवायचं

नुसत्या दाटलेल्या छातीनंही अंग थोडं कोमट होऊ शकतं. पण ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, किंवा त्याहून जास्त गेला, हुडहुडी भरली, फ्लूसारखं अंग मोडून आलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दूध दाटतं ते बहुधा दोन्ही बाजूंना सारखं. एकाच बाजूला पाचरीसारखा तापलेला, टणक, खूप दुखणारा पट्टा आला तर तो स्तनदाह असू शकतो. तो भाग लालसर दिसतो, पण सावळ्या किंवा काळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, म्हणून हाताच्या मागच्या बाजूनं ऊब तपासा. निपलमधून पू किंवा रक्त, किंवा हाताला पाण्याच्या फुग्यासारखी लागणारी, दुखरी गाठ आली तरी थांबू नका. आत पू झाला असेल तर तो काढावा लागतो.

बाळंतपणानंतरच्या तापाचं मूळ छातीच असेल असं नाही. गर्भाशय, टाके, लघवी, कुठेही संसर्ग असू शकतो. ‘दुधाचा ताप आहे, उतरेल’ असं कुणी म्हटलं तरी तपासणी करून घ्या. एका पायाला सूज येऊन पोटरी दुखणं, छातीत कळ येणं, श्वास लागणं यांचा तर दुधाशी संबंधच नाही. तेव्हा एक मिनिटही वाया घालवू नका.

काही दिवस पाजून मग बंद करायचं असेल तर

घाई नसेल तर दिवसातली एक-एक पाजण्याची वेळ कमी करत जा. दर दोन-तीन दिवसांनी एक, आधी दुपारची, रात्रीची सगळ्यात शेवटी. बाळालाही सवय होते आणि छाती कधीच दगडासारखी होत नाही. औषध किंवा ऑपरेशनमुळे एकदम थांबवावं लागलं, तर वरचे सगळे उपाय तसेच लागू होतात. फक्त जमलेलं दूध जास्त असल्यानं थोडं-थोडं काढण्याचे दिवस लांबतात.

बाळ नसताना दूध आलं तर

हे लिहिताना हात थबकतो. बाळ हातात नाही आणि तिसऱ्या दिवशी छाती भरून येते, यासारखं दुसरं दुःख नसेल. दवाखान्यातून निघताना कुणीतरी हे हळुवारपणे सांगायला हवं, आणि अनेकदा कुणीच सांगत नाही. तुम्ही अशा आईच्या घरातल्या असाल तर ते तुम्ही सांगा. ब्रा, पॅड, थंड रुमाल तुम्ही तयार ठेवा, तिला मागायला लावू नका.

काही आयांना दूध लवकरात लवकर थांबावंसं वाटतं. काहींना ते बाळाची शेवटची खूण वाटतं आणि हळूहळू आटू द्यावंसं वाटतं. काही जणी थोडे दिवस काढून मिल्क बँकेला देतात. तिन्ही बरोबर आहेत. तिच्या वतीनं कुणी ठरवू नये.

मन खचलेलं राहणं, झोप पूर्ण उडणं, जगण्यात रस न उरणं हे कोणत्याही आईच्या बाबतीत दोन आठवड्यांहून जास्त चाललं तर डॉक्टरांशी बोला. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले तर त्याच क्षणी.

आणखी दोन गोष्टी

विचार बदलला आणि पाजावंसं वाटलं, तर पहिल्या आठवड्यात ते बरंच सोपं असतं. नंतरही वारंवार पाजून किंवा काढून दूध परत आणता येतं, पण मेहनत लागते. कॅबरगोलिन घेतलं असेल तर आणखी अवघड जातं.

दूध पाजत नसाल तर बीज साधारण चौथ्या आठवड्यापासूनही सुटू शकतं, पाळी यायच्या आधीच. म्हणजे पाळी न येताही दिवस जाऊ शकतात. बाळंतपणानंतर २१ दिवसांपासून गर्भनिरोधनाची सोय हवी. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या पहिल्या तीन आठवड्यांत नकोत. गुठळ्यांचा धोका जास्त असणाऱ्यांना सहा आठवडे थांबावं लागतं. काय चालेल ते तपासणीच्या वेळी विचारून घ्या.

आणि थेंब. माझे दीड-दोन महिने अधूनमधून येत राहिले, बहुतेक वेळा गरम पाण्यानं आंघोळ करताना. सहा महिन्यांनंतरही दूध येत राहिलं, किंवा छाती मऊ झाल्यावर एखादी गाठ मागे राहून महिन्याभरात विरली नाही, तर दाखवून घ्या.